निळ्या गाडीचं दार

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुणी भुवया वर करायला नकोत. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नका, आणि बिनसाखरेची मी दोन दिवस टिकणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तर झालं एवढंच, की त्या नव्या ड्रायव्हरला साहेबांनी खुर्ची दिली. साधी, पाठीला भोक पडलेली प्लॅस्टिकची खुर्ची. तीन महिने तो त्या ट्रक कंपनीच्या ऑफिसात जात होता. खेपेचा कागद घ्यायला, चावी परत द्यायला, डिझेलच्या पावत्या द्यायला. तीन महिने तो काउंटरच्या अलीकडे उभा राहिला होता आणि साहेबांनी त्याला "अरे ए" याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. त्या सोमवारी साहेब स्वतः उठले, खुर्चीवरच्या फायली खाली ठेवल्या, रुमालाने खुर्ची झटकली आणि म्हणाले, "बसा." त्याने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. मग तो बसला, पण अर्धाच. कारण त्याचे वडील आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आले होते: ज्या दुकानात गेल्या गेल्या आपल्याला स्टूल मिळतं, त्या दुकानातला तराजू आधी उलटा करून बघायचा.

वडिलांचा धंदा तराजू दुरुस्तीचा, आणि त्यांच्यामागे त्याचाही तोच. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे काटे सरळ केले. वजनांच्या पोटातलं शिसं काढलेलं, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, दांडीला एका बाजूने मेणाचा ठिपका, असल्या लबाड्या त्याने इतक्या बघितल्या होत्या की त्याच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. डोळे मिटून वजनावरून बोट फिरवलं तर कुठे कानस लागली आहे ते तो सांगायचा. माणूस दारातून आत आला की त्याचं वजन मनात आपोआप उमटायचं, आणि किलोभराचीसुद्धा चूक व्हायची नाही. आता अशा माणसाचा स्वभाव कसा होणार? संशयी म्हणजे किती संशयी, तर रस्त्याच्या वळणावर स्वतःची सावली पुढे गेली की तो थांबायचा, तिला आधी जाऊ द्यायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. मग बॅटरीवरचे काटे आले. ते बिघडले की लोक फेकून नवे आणायला लागले. दुकान विकलं, हत्यारं विकली, आणि एकेचाळिसाव्या वर्षी त्याने मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. शिकवणारा म्हणायचा, तुम्ही स्टेअरिंग असं धरता जसं काही ते पळून जाणार आहे. त्याला खरंच तसं वाटायचं.

कंपनीच्या गाडीवर पगारी काम म्हणजे आज ही गाडी, उद्या ती. चढलं की सीट आधीच्या माणसाच्या ढुंगणाच्या आकाराची बसलेली असायची. स्टेअरिंगला कुणाच्या तरी तळहाताचा चिकटपणा, गाडीत कुणाच्या तरी तंबाखूचा नाहीतर केसांच्या तेलाचा वास. तो दर वेळी ओल्या फडक्याने सगळं पुसायचा आणि पुसताना वाटायचं, आपण परक्याच्या घरात झोपलो आहोत आणि घरमालक केव्हाही येईल. पण पगार महिन्याला येत होता. गाडी खोकली की फोन करायचा आणि सावलीत बसायचं, खोकला कंपनीचा. हे त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटतंय म्हणून बरं वाटायचं नाही.

खुर्चीवर अर्धा बसवून साहेबांनी त्याला सांगितलं की यार्डात मागे ती निळी गाडी उभी आहे, ती तुम्ही लीजवर घ्या. अनामत आता द्यायची, आठवड्याला हप्ता, चार वर्षांनी गाडी तुमची. लोड कंपनीच देणार, दर खेपेला पगाराच्या जवळजवळ दुप्पट. दारावर तुमचं नाव. डिझेल, टायर, दुरुस्ती अर्थातच मालकाने बघायची. ते "मालक" म्हणाले तेव्हा त्याला वाटलं अजून कुणीतरी माणूस आहे, मग कळलं की तो आपणच. त्याने विचारलं, एखाद्या आठवड्यात लोड नसला तर? साहेब हसून म्हणाले, असं होतच नाही. नसला तर काय होतं, हे ते बोलले नाहीत, आणि हा न बोललेला भाग त्याने खिशात टाकला. मधेच सोडली तर? कशाला सोडाल, साहेब म्हणाले. हाही खिशात. मग साहेबांनी अनामतीचा आकडा सांगितला आणि त्याच्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. दुकान विकून बँकेत जे ठेवलं होतं, त्यातून हा आकडा वजा केला तर काय उरत होतं? एका महिन्याचं घरभाडं. बरोबर एका महिन्याचं, ना कमी ना जास्त. कुणीतरी त्यांच्या घरात शिरून, कपाट उघडून, पासबुक वाचून, वर दया येऊन महिन्याचं भाडं सोडलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत सांगा, साहेब म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले.

तो चालत घरी गेला. बसचे पैसे वाचवायला नव्हे, बसमध्ये कुणी शेजारी बसलं असतं म्हणून. डोक्यात दोन पारडी घेऊन चालला होता. इकडे पगार, तिकडे दुप्पट. इकडे परक्याची सीट, तिकडे स्वतःचं नाव. इकडे दुसऱ्याचा खोकला, तिकडे स्वतःचा. बावीस वर्षांत त्याच्या हातातला काटा असा कधी थरथरला नव्हता. कारण तो वजनांकडे बघतच नव्हता, वजनं ठेवणाऱ्या हाताकडे बघत होता. कुणी सांगितला आकडा? ते पासबुक दोघांनाच माहीत होतं. एक तो स्वतः. त्याने मान वळवली नाही, पण दुसरं नाव मागून येऊन त्याच्या बरोबरीने चालायला लागलं.

बायको कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी धुऊन यायच्या, ती त्यांना इस्त्री करून घड्या घालायची, दिवसाला चारशे. घरी आली की तिच्या हातांना वाफेचा वास असायचा. त्याने लीजची गोष्ट सांगितली, खुर्चीचीही, आकड्याचा मात्र शब्द काढला नाही, तिचं तोंड बघत राहिला. ती खूश झाली. फार खूश झाली. तिने हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवताच विचारलं, नाव कुठल्या बाजूच्या दारावर लिहितात, की दोन्ही? दुकान विकल्यापासून तुम्ही घरातसुद्धा पाहुण्यासारखे वावरता, म्हणाली, पाणी प्यायलात की भांडं धुऊन उपडं ठेवता, जसं काही कुणी हिशेब मागणार आहे. स्वतःची गाडी असली म्हणजे बरं. हे सगळं खरं होतं. म्हणूनच त्याला वाटलं, एवढं खरं आजच का आठवलं? आणि अनामत किती हे तिने विचारलं नाही. कुठलीही बाई आधी हेच विचारेल. जिला आधीच ठाऊक आहे तीच विचारणार नाही. त्याने भांडं धुतलं, उपडं ठेवायला गेला, थांबला, सुलटं ठेवलं. तेही परक्यासारखंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्याला लांबच्या खेपेवर पाठवलं, जोडीला जुना ड्रायव्हर. ह्या जुन्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण त्याचं वजन एकोणपन्नास किलो होतं, बुटांसकट. पैलवान वीस वर्षं पगारावर होता आणि त्यातली निम्मी वर्षं घोरण्यात गेली असावीत असं त्याच्या बोलण्यावरून वाटायचं. पण लीजचं नाव काढताच तो सरळ बसला. म्हणाला, "हे बघ, पहिल्या वर्षी नव्या माणसाच्या हातून गाडी चार ठिकाणी घासते. फाटकाला घासते, खांबाला घासते, मागे घेताना दुसऱ्याच्या गाडीला घासते. माझीही घासली. ती घास कुणाच्या खिशाला लागणार, एवढंच बघ. बाकीचं सगळं बोलण्यापुरतं." त्याला ते पटलं. खरं म्हणजे गेल्याच आठवड्यात ट्रेलर मागे घेताना तो दोनदा चुकला होता. मागची चाकं डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे हातांना अजून मान्य होत नव्हतं. पैलवान पुढे म्हणाला, वर्षभर कंपनीच्या पत्र्यावर शीक, मग लीज घे नाहीतर विकत घे, तुझी मर्जी. इतका साधा, सरळ सल्ला. आणि मग पन्नासेक किलोमीटर तो त्या साध्या सल्ल्याला उलटासुलटा करून बघत राहिला. ह्याला काय पडलंय माझं? ह्यालाच निळी गाडी हवी असेल तर? वीस वर्षं पगारावर सडलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव दारावर कसं बघवेल? की साहेबांनीच पाठवलंय, मी किती चुळबुळतो ते बघायला? पुढे एक लाल मोटार बराच वेळ होती, वळली नाही, वेगही बदलला नाही. त्याने तिचा नंबर पाठ करून टाकला. पैलवान घोरायला लागला. खरा घोरतोय का, हे बघायला त्याने मुद्दाम एक खड्डा चुकवला नाही.

शुक्रवारी दुपारी खेप उतरवून आल्यावर तो यार्डाच्या मागच्या बाजूला गेला. निळी गाडी उन्हात उभी होती, आंघोळ घालून बसवलेल्या पोरीसारखी चकचकीत. आणि तिच्या दारापाशी डब्यावर बसून रंगारी ब्रश साफ करत होता. लीजची गाडी असली की दारावर ड्रायव्हरचं नाव रंगवायचं, ही तिथली जुनी रीत. नाव अगदी झोकदार असायचं, खाली सावली देऊन, कोपऱ्यात दोन पानं काढून. पगारी ड्रायव्हर येता-जाता त्या नावांना हात लावायचे, लावला नाही असं दाखवून. रंगाऱ्याने त्याला बघून पेन्सिल कानामागून काढली आणि नाव विचारलं, नीट एकेक अक्षर सांगा म्हणाला. सही झालेली नव्हती. होकारसुद्धा दिला नव्हता. पण दारावर खडूने दोन समांतर रेघा आधीच मारलेल्या होत्या. तो पुढे झाला आणि त्याने दारावर तळहात ठेवला. पत्रा तापलेला. मग डोळे मिटले आणि फक्त बोटांची टोकं फिरवली, वजनांवरून फिरवायचा तशी. निळ्याच्या खाली कड लागली. गोल वळण, उभी रेघ, पुन्हा वळण. जरा खाली सरकला तर दुसरी कड, त्या पहिलीला तिरकी कापून गेलेली, आणि तिच्याही खाली तिसरी. कडेला पान. पानाच्या पोटात आणखी एक पान. तापलेल्या पत्र्यावरून त्याच्या हातावर थंड काटा आला. म्हणाला, तीन नावं आहेत. रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला, त्याच्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, तीनच, बरोबर.

मग रंगाऱ्याने सगळं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पहिला चौदा महिने होता. इंजिन बसलं, तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला सोडून चावी खिशात घालून घरी चालत गेला. दुसरा आता पुन्हा पगारावर आहे, सात नंबरची चालवतो, निळ्या गाडीकडे बघत नाही. तिसऱ्याचं काय झालं ठाऊक नाही, पण त्याचं नाव लांबलचक होतं, रंग फार गेला. आता मी पातळच हात मारतो, रंगारी म्हणाला, घासून काढायला सोपं जातं. त्याने विचारलं, अनामत सगळ्यांना एकच होती का? छे, रंगारी म्हणाला, ज्याला त्याला वेगळी. आणि गंमत म्हणजे तिघंही इथे ह्याच डब्यावर बसून म्हणाले होते, की साहेबांना माझ्याकडे किती आहेत ते कळलं कसं? पहिल्याचा भावावर संशय होता. दुसऱ्याने तर सासूशी बोलणं टाकलं.

हे ऐकून कुणीही शहाणा माणूस थांबला असता. तीन घरांतून तीन चुगलखोर निघत नाहीत, एवढं तर उघड आहे. पण संशयी माणसाचं असं असतं, जगात सगळीकडे गोलमाल आहे हे कळलं की त्याला आधी आपलं घर आठवतं. तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बायको त्याचा सदरा इस्त्री करत होती, शनिवारच्या सहीसाठी, तिने आपण होऊन काढलेला, निळाच. तो दारातच उभा राहिला. बोलायचं नाही असं ठरवून आला होता आणि बोलला. म्हणाला, "साहेबांनी अनामत मागितली ती पासबुकातलं सगळं, एका महिन्याचं भाडं तेवढं सोडून. पासबुकातला आकडा दोघांनाच माहीत होता. तुला आणि मला." तिला आधी कळलं नाही. मग हळूहळू कळलं. कळताना तिचा चेहरा कसा खालून वर बदलत गेला ते त्याने पाहिलं, आणि त्याही वेळी त्याच्या मनात आलं, हे खरं असेल की नाटक. तिने इस्त्री उभी केली. म्हणाली, "मग तुम्हीच सांगितला असेल." तो हसला. मी! बावीस वर्षं एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला न सांगितलेला माणूस! तिने सदऱ्याची बाही सरळ केली, घडी घातली, घडीवर हात फिरवला. कारखान्यातल्या चादरीला करते तसं सगळं केलं आणि सदरा त्याच्या हातात न देता खुर्चीवर ठेवला. त्यानंतर त्या संध्याकाळी ती बोलली नाही असं नाही. मीठ कमी आहे का, दार लावलं का, असं सगळं बोलली.

शनिवारी तो निळा सदरा न घालता गेला. साहेबांनी पुन्हा खुर्ची झटकली. कागद तयार होते, सही करायच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. साहेब म्हणाले, वाचून घ्या, आणि त्याने वाचायला घेतलं. तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून ते खिडकीशी गेले. टेबलावर त्याची फाइल उघडी होती, वर त्याचा नोकरीचा अर्ज, तीन महिन्यांपूर्वीचा. अक्षर ओळखीचं वाटलं. माणसाला स्वतःचं अक्षर उलट्या बाजूने दिसलं की ते परक्याचं वाटतं, पण आकडे कुठूनही आकडेच. अर्जात शेवटी एक रकाना होता, "इतर बचत व मालमत्ता". त्याखाली "घरभाडे". अर्ज भरला त्या दिवशी त्याने घरी नेऊन, पासबुक समोर ठेवून, रेघेला रेघ लावून सगळं लिहिलं होतं. बचतीचा आकडा शेवटच्या नाण्यापर्यंत, दशांश चिन्हासकट, आणि पुढे कंसात तारीख, आणि त्यापुढे त्याच्या धंद्यातले दोन शब्द, जे तो प्रत्येक तपासलेल्या काट्याच्या चिठ्ठीवर लिहायचा: "मोजून पाहिले." खाली सही. त्याला ते लिहिताना वाटलेलं समाधानसुद्धा आठवलं. कोरा रकाना ठेवायचा नाही. कोरा रकाना म्हणजे अर्धी तपासणी.

साहेब फोन ठेवून परत आले आणि तो काय बघतोय ते त्यांनी बघितलं, पण फाइल मिटली नाही. उलट कौतुकानेच म्हणाले, "तिथे सगळे आडवी रेघ मारतात. नाहीतर 'काही नाही' लिहितात. तुमच्यासारखा माणूस वर्षाकाठी एखादा भेटतो." आणि तेव्हा दारावरची ती तीन नावं पुन्हा त्याच्या बोटांना लागली. गोल वळण, उभी रेघ, पान. एकालाही कुणी दगा दिला नव्हता. तिघंही रकाना कोरा न सोडणारे. तिघांनीही आपापल्या हाताने आकडा लिहून दिला होता आणि मग भावाकडे, सासूकडे, कुणाकुणाकडे डोळे बारीक करून बघितलं होतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका लबाडीला मनातल्या मनात दाद दिली. ह्यात शिसं काढलेलं नव्हतं, चुंबक नव्हतं. काटा अगदी खरा होता. गिऱ्हाईक आपलं आपण पारड्यात चढून बसत होतं. त्याने कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि म्हणाला, मी पगारावरच राहतो. कंपनीच्या गाडीवरच शिकतो अजून वर्षभर. साहेबांनी खांदे उडवले, आणि त्याला वाटलं होतं तसं रागावले वगैरे काही नाहीत. म्हणाले, बरं, मग सोमवारी चार नंबरची घे, तिचा क्लच जरा जड आहे. म्हणजे त्याची तेवढीही किंमत नव्हती की कुणी रागवावं. हेही त्याला लागलं. अर्ज परत मागावा असं मनात आलं, पण मागितला नाही. मागून काय करणार होता? त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

घरापर्यंतचा रस्ता त्या दिवशी लांबला. दोन पारडी आता डोक्यात नव्हती; एका बाजूला झुकून काटा शांत झाला होता, पगार पगाराच्या जागी, परक्याची सीट परक्याच्या सीटच्या जागी. त्याची भीती नव्हती. भीती ह्याची होती की तिला सांगायचं कसं. वाटेत त्याने चार वाक्यं तयार केली आणि चारही त्याला लबाड वाटली, कुठेतरी मेणाचा ठिपका असलेली. ती नुकतीच कामावरून आली होती, पलंगाच्या कडेवर बसून बुटाची नाडी सोडत होती. एक बूट निघाला होता. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. म्हणाला, "आकडा मीच दिला होता. अर्जावर लिहून." ती वर बघत म्हणाली, "नाण्यांसकट?" तो म्हणाला, "नाण्यांसकट. तारीख घालून." तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता खाली जमिनीवर बसली, एका पायात बूट तसाच, डोळ्यांतून पाणी, आणि तोही मग तिच्या शेजारी बसला. मग ती थांबली. म्हणाली, "आज सबंध दिवस घड्या घालताना मी आठवत होते, की मी कुणाला बोलले का. कारखान्यात, बसमध्ये, दळणाच्या रांगेत. मला माहीत होतं मी बोललेली नाही. तरी आठवत होते. दोनदा चादर चुकली माझी." त्याने तिच्या दुसऱ्या बुटाची गाठ सोडवायला घेतली, ती पक्की बसली होती, आणि त्याच्या त्या तरबेज बोटांना ती सुटेना.

आता शपथ घेऊन बसले आहे तर कबूल करते, एक गोष्ट मी पदरची घातली. ती हसली, ते. बाकी सगळं असंच झालं, नाण्यांसकट. ती हसली नाही. "तारीख घालून" म्हणाला तेव्हा तिने नुसती मान हलवली, आणि चादरीचं सांगितलं. हसली ती खरी, अगदी जमिनीवर बसून हसली, पण ते तीन आठवड्यांनी, शेजारणीला, म्हणजे मला, हीच गोष्ट सांगताना. तेव्हा तो घरी नव्हता. चार नंबरच्या गाडीवर होता.